धर्माची गाय आणि तिचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करू नये, जे मिळाले ते मुकाट्याने गोठ्यात बांधावे, असा तिचा मथितार्थ. घेणाऱ्याच्या अंगी नम्रता यावी म्हणून कोणा शहाण्याने ती प्रथम उच्चारली असेल. परंतु पुढे देणाऱ्यांनीच ती उचलली, आणि आपण दिलेली गाय भाकड आहे की मारकी आहे, ह्याची चौकशी करण्याचा अधिकार घेणाऱ्यास नाही, असे ते तिच्या आधारे प्रतिपादू लागले. ह्या वृत्तीचा अगदी अलीकडचा, आणि तोही सुशिक्षितांमधला, एक आविष्कार आमच्या नित्य पाहण्यात येतो. ओपन सोर्स म्हणून जे सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे, त्याच्या प्रकल्पांस आपण लिहिलेला कोड पाठवावयाचा आणि पाठविल्या दिवसापासून त्याकडे पाठ फिरवावयाची, हा तो आविष्कार होय. त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

आज मध्यमवर्गीय मराठी घरांतून इंजिनिअरिंग किंवा संगणकशास्त्र शिकणारा एखादा मुलगा अथवा मुलगी नाही, असे घर क्वचितच आढळेल. ह्या मुलामुलींच्या नोकरीच्या अर्जात ‘अमुक ओपन सोर्स प्रकल्पास योगदान’ अशी एक ओळ हल्ली हमखास असते. ती ओळ वाचून आईबापांस धन्यता वाटते, आप्तेष्टांस कौतुक वाटते, आणि कॉलेजेही आपल्या अहवालांतून अशा ओळींची बेरीज छापतात. त्या योगदानाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. आम्ही तो विचारणार आहो. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कोड पाठविणे हे योगदान नव्हे. तो योगदानाचा केवळ प्रस्ताव होय. आपला कोड स्वीकारला जाईपर्यंत, किंवा सकारण नाकारला जाईपर्यंत, जो त्याच्या पाठीशी उभा राहतो, त्यानेच काही दिले असे म्हणता येईल. बाकीच्यांनी केवळ दुसऱ्याच्या दारात काहीतरी आणून टाकले.

ज्या वाचकांचा ह्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडे स्पष्टीकरण करू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी १९९१ साली स्वतःच्या संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहू लागला, व तिचा कोड त्याने सर्वांस खुला केला. आज लिनक्स ह्या नावाने ती जगास ठाऊक आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतो, आणि जगातील अत्यंत शक्तिमान संगणकही तिच्यावरच चालतात. अशा प्रकल्पातील कोड कोणासही वाचता येतो, आणि त्यात चूक दिसल्यास दुरुस्ती लिहून पाठविता येते. ह्या दुरुस्तीच्या तुकड्यास ‘पॅच’, म्हणजे शब्दशः ठिगळ, असे म्हणतात. प्रकल्पाच्या त्या त्या भागाची राखण करणारे काही जाणते लोक असतात, त्यांस मेन्टेनर ही संज्ञा आहे. आलेला पॅच तपासावयाचा, त्यातील दोष दाखवावयाचे, आणि योग्य वाटल्यास तो मूळ कोडमध्ये सामील करून घ्यावयाचा, हे त्यांचे काम. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते, आणि तीत दीड हजारांहून अधिक लोकांनी केलेले दहा हजारांहून अधिक बदल समाविष्ट असतात. स्वीकारलेल्यांचा हा आकडा आहे. वाचाव्या लागणाऱ्यांचा ह्याहून कितीतरी मोठा असणार, हे सांगावयास नकोच.

आता पॅच पाठविल्यावर काय होते ते पाहा. सामान्यतः तो पहिल्याच खेपेस स्वीकारला जात नाही. कोणी विचारतो, हा दोष तुम्हांस कोठे आढळला? कोणी म्हणतो, तुमच्या दुरुस्तीने हे यंत्र चालेल, पण ते दुसरे बंद पडेल. कोणास त्याची भाषा पटत नाही, कोणास त्याचे प्रयोजनच पटत नाही. पाठविणाऱ्याने ह्यातील प्रत्येक आक्षेपास उत्तर द्यावयाचे असते. पटलेल्या आक्षेपाप्रमाणे कोड सुधारून त्याची दुसरी, तिसरी, प्रसंगी दहावी आवृत्ती पाठवावयाची असते, आणि मागील आवृत्तीहून हीत काय बदलले ते प्रत्येक वेळी नमूद करावयाचे असते. काहीच उत्तर न आले, तर निदान एक आठवडा थांबावे, गर्दीच्या दिवसांत त्याहून अधिक थांबावे, आणि मग सौम्य शब्दांत आठवण द्यावी किंवा तोच पॅच पुन्हा पाठवावा, असे लिनक्सच्या नियमपत्रातच सांगितलेले आहे. जो परीक्षकांच्या आक्षेपांकडे दुर्लक्ष करतो, त्याच्याकडे परीक्षकही दुर्लक्ष करतील, असा इशाराही तेथेच दिलेला आहे. म्हणजे पाठपुरावा हा ह्या कार्याच्या शेपटीस मागाहून बांधलेला उपचार नव्हे. कार्याचा मोठा हिस्सा तोच आहे.

हे ऐकून आमचे काही तरुण मित्र चिडतात. “आम्ही फुकट काम करून दिले. घ्यावयाचे असेल तर त्यांनी घ्यावे, नसेल तर टाकून द्यावे. वर आणखी आम्हीच हेलपाटे घालावेत, हा कोठला न्याय?” असे ते विचारतात. ह्या कोटिक्रमात एक मोठा हेत्वाभास आहे. दिलेला कोड ही एकदा दिली की संपली, अशी वस्तू आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. सत्यनारायणाचा प्रसाद दिला, घेणाऱ्याने खाल्ला, व्यवहार मिटला. कोडचे तसे नाही. स्वीकारलेला कोड त्या प्रकल्पात पुढील वीस-वीस वर्षे राहतो. त्याच्या आजूबाजूचे सारे बदलत जाते आणि त्याबरोबर त्यासही बदलावे लागते. त्यात लपलेला दोष कधी काळी उघडकीस आला, तर तो कोणास तरी रात्री जागून दुरुस्त करावा लागतो. कोड देणे म्हणजे एखाद्या कुटुंबास गाय देण्यासारखे आहे. तिला रोज वैरण लागते, पाणी लागते, आजारात औषध लागते. दूध मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न; खर्च मात्र पहिल्या दिवसापासून चालू होतो.

कठोपनिषदातील कथा आमच्या सुशिक्षित वाचकांस परिचित असेलच. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्वाचे दान मांडले; परंतु ज्या गाई त्याने दानासाठी काढल्या, त्यांचे पाणी पिऊन झाले होते, गवत खाऊन झाले होते आणि दूधही देऊन झाले होते. बापाच्या ह्या दानशूरपणाने नचिकेत्यासारख्या कोवळ्या मुलाचेही मन अस्वस्थ झाले. ‘मी दिले’ एवढे म्हणता येण्यासाठीच जे दिले जाते, त्याने देणाऱ्याचे पुण्य वाढत नाही, घेणाऱ्याच्या घरातील भार तेवढा वाढतो, हे उपनिषत्काली एका बालकास समजले होते. आमच्या पदवीधरांस ते समजू नये, हे नवलच म्हणावयाचे.

गाईचे दात मोजले नाहीत तर काय होते, ह्याचे उदाहरणही दूर शोधावयास नको. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखण्यासाठी ओपन-एसएसएल नावाचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. २०११ सालच्या अखेरच्या दिवशी त्यात बाहेरून आलेल्या कोडचा एक भाग सामील करण्यात आला. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. तपासणाऱ्यानेही तो वाचला. परंतु मागितलेली लांबी आणि दिलेली लांबी ह्यांचा मेळ घेणे दोघांच्याही नजरेतून सुटले. तो दोष दोन वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला, आणि २०१४ च्या एप्रिलात ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने जगापुढे आला, तेव्हा असंख्य संकेतस्थळांची गुपिते उघड्यावर पडण्याजोगी होती, असे निष्पन्न झाले. त्या वेळी ह्या प्रकल्पास वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या, आणि त्यावर पूर्ण वेळ काम करणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. अशा मूठभर लोकांसमोर आपण आपला पॅच टाकतो आणि ‘आता तुमचे तुम्ही पाहून घ्या’ असे म्हणतो, तेव्हा आपण त्यांस मदत करीत असतो की त्यांच्या ओझ्यावर आणखी एक गाठोडे चढवीत असतो, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

ही वृत्ती आमच्या तरुणांत आली कोठून, असे कोणी विचारील. आमच्या मते ती कॉलेजातूनच आली. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यास ‘सबमिशन’ हा शब्द जितका परिचित आहे, तितका दुसरा कोणताही नसेल. सत्र संपत आले की जर्नले पूर्ण करावयाची. एकाने दुसऱ्याचे उतरावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. आणि शेवटी अध्यापकाची सही घेऊन ती फाइल कपाटात पडली की विषय संपला. त्या फाइलीतील प्रयोग बरोबर होता की चूक, हे पुढे कोणी पाहत नाही. आणि पाहिले, तरी विद्यार्थ्यास ते कळविण्याची प्रथा नाही. चार वर्षे ज्यास हाच एक संस्कार घडला की काम म्हणजे सादर करणे, सादर करणे म्हणजे सही मिळविणे आणि सही म्हणजे सुटका, तो ओपन सोर्सच्या दारी गेल्यावर दुसरे काय करणार? तेथेही तो सबमिशनच करतो. आम्ही स्वतः अध्यापनाच्या व्यवसायात आहो, आणि विद्यार्थ्यांहून अधिक दोष ह्या व्यवसायाकडे जातो असे आमचे मत आहे.

ह्याची फळे जगाने चाखली आहेत. डिजिटल-ओशन ही अमेरिकन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात ओपन सोर्सचा एक उत्सव भरवीत आली. २०२० साली महिन्याभरात चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास एक टी-शर्ट देण्याचे तिने योजिले होते. हेतू उत्तम, परंतु टी-शर्टाच्या लोभाने अर्थहीन दुरुस्त्यांचा असा पूर लोटला की मेन्टेनर मंडळी त्रस्त झाली. कोणी परिचयपत्रकात एक विशेषण घुसडले, कोणी एक रिकामी जागा वाढविली. अवघ्या काही दिवसांत नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती असेल तेथीलच दुरुस्त्या जमेस धरण्याचे ठरवावे लागले. पुढे २०२४ साली ‘एक्स्प्रेस’ नामक जावास्क्रिप्ट प्रकल्पावर तसाच प्रसंग ओढवला. हिंदीतील एका शिकवणीच्या चित्रफितीत केवळ उदाहरणादाखल त्या प्रकल्पाच्या परिचयपत्रकात आपले नाव कसे घालावे ते दाखविले होते. ते पाहून आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी आपापली नावे घातलेल्या विनंत्या तेथे एकामागून एक पाठविल्या. किल्ल्याच्या तटावर कोळशाने नाव लिहिणाऱ्या सहलकऱ्यात आणि ह्यांच्यात आम्हांस तरी काही फरक दिसत नाही. त्यांच्यापैकी कितीजणांनी आपल्या विनंतीचे काय झाले हे पाहण्यासाठी तेथे पुन्हा पाऊल टाकले असेल, ह्याचा तर्क वाचकांनीच करावा.

येथे प्रतिपक्षाचा दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो पहिल्याहून पुष्कळ वजनदार आहे. ते म्हणतात, “तुम्ही सारा दोष पाठविणाऱ्याच्या माथी मारता, पण मेन्टेनर लोक तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत? ते महिनोन् महिने उत्तर देत नाहीत. नवख्यास तुच्छ लेखतात. ओळखीच्याचे काम आधी होते.” ह्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. खुद्द लिनक्सचाच इतिहास त्यास साक्ष आहे. आरंभीची अनेक वर्षे सर्व पॅच अखेर टोरवाल्ड्स ह्या एकाच गृहस्थाकडे जात. वेळ न मिळाल्यास ते काही न कळविता पॅच सोडून देत, आणि ज्यास कळकळ असेल तो पुन्हा पाठवील अशी त्यांची धारणा होती. २००२ च्या जानेवारीत ह्यावरून मोठा वाद झाला. हरवणारे पॅच गोळा करण्यासाठी एक स्वतंत्र माणूसच नेमावा, अशी सूचना पुढे आली. ती मान्य झाली नाही. पण त्या वादानंतर लवकरच टोरवाल्ड्स बदलांची नोंद ठेवणारी एक यंत्रणा वापरू लागले, आणि २००५ साली त्यांनी स्वतःच गिट ही यंत्रणा लिहिली, जी आज जगभरचे प्रोग्रामर वापरतात. निमूटपणे सोसण्याने किंवा रुसून निघून जाण्याने हे घडले नाही. आपला पॅच हरवला, तो का हरवला, असे जे लोक पुनःपुन्हा आणि चारचौघांत विचारीत राहिले, त्यांनी ती सुधारणा घडवून आणली. म्हणजे प्रतिपक्षाचा हा दाखला आमच्याच बाजूचा आहे.

मेन्टेनरांवरही आमचा एक हक्क आहे, आणि तो सांगितल्यावाचून आमचे म्हणणे एकांगी ठरेल. स्पष्ट नकार ही देखील एक सेवा आहे. ‘हे आम्हांस नको, आणि ह्या कारणास्तव नको’, एवढे एक वाक्य लिहावयास दोन मिनिटे लागतात, आणि त्याने पाठविणाऱ्याचे दोन महिने वाचतात. संकोचामुळे किंवा कंटाळ्यामुळे गप्प बसून जो दुसऱ्यास आशेवर ठेवतो, तो उद्धट मेन्टेनरापेक्षाही अधिक नुकसान करतो. परंतु मौनाचा दोष मेन्टेनराचा असला, तरी त्या मौनावर उपाय एकच: पुन्हा विचारणे. आणि पुन्हा विचारणे हे पाठविणाऱ्याच्याच हातचे आहे.

मात्र पुन्हा विचारण्याच्याही दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद न ओळखल्यास आमच्या उपदेशाचा अनर्थ होईल. मराठीत त्यांस दोन वेगळे शब्द आहेत, पाठपुरावा आणि तगादा. पाठपुरावा करणारा आपल्या मागणीबरोबर आणखी काही काम घेऊन येतो: नवी आवृत्ती, केलेली चाचणी, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. तगादा लावणारा हात हालवीत येतो आणि ‘झाले का?’ एवढेच विचारतो. पहिल्याने मेन्टेनराचे ओझे हलके होते. दुसऱ्याने तो खचतो.

हा तगादा किती भयंकर रूप घेऊ शकतो, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसून आले. फाइली आकुंचित करणारे एक्स-झेड नावाचे एक साधन अनेक लिनक्स प्रणालींत असते. ते वर्षानुवर्षे फिनलंडमधील एक गृहस्थ बिनमोबदला, जवळजवळ एकट्याने सांभाळीत होते. २०२२ साली निरनिराळ्या नावांनी त्यांस सार्वजनिक रीतीने पत्रे येऊ लागली: पॅच किती दिवस पडून आहेत, तुम्हांस आता उत्साह उरला नाही, दुसऱ्याच्या हाती कारभार का देत नाही? त्या गृहस्थांनी आपली अडचण सांगितली, हे काम आपण हौसेने व फुकट करतो हेही सांगितले. पण तगादा थांबला नाही. अखेर ‘जिआ टॅन’ ह्या नावाने उद्योगीपणे पॅच पाठविणाऱ्या एका सहकाऱ्यास अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या आरंभी त्याच नावाने त्या साधनात एक चोरदरवाजा बसविला गेला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या प्रोग्रामरास आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनी पिच्छा पुरविला, म्हणून २९ मार्च रोजी ते कारस्थान उघड झाले. तगादा लावणारी ती नावे मात्र पुढे कोठेच दिसली नाहीत.

येथे कोणी आमच्यावर उलटून म्हणेल, “मग त्या जिआ टॅननेही दोन वर्षे उत्तम पाठपुरावाच केला की!” खरे आहे. चिकाटी ही चोराच्याही अंगी असू शकते, आणि पाठपुरावा हा सचोटीचा पुरावा आहे असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. म्हणूनच दात मोजण्याचे काम सोडता येत नाही. परंतु ह्या प्रसंगातून दुसरेही एक निघते, ते आमच्या विधानास पुष्टीच देते. ज्या वेळी तो गृहस्थ एकटा वाकला होता, त्या वेळी त्याच्या सॉफ्टवेअरचा लाभ घेणाऱ्या जगातील प्रामाणिक लोकांपैकी चार जण जरी आपापल्या कामाच्या पाठीशी नेटाने उभे राहिले असते, तर चोराच्या मदतीची किंमत तेवढी वाढली नसती. सज्जनांनी रिकामी सोडलेली जागाच त्याने भरून काढली.

चिकाटीचे खरे तेज पाहावयाचे असेल तर लिनक्समधील ‘रिअल टाइम’ कार्याकडे पाहावे. यंत्रमानवास, कारखान्यातील यंत्रास किंवा ध्वनिमुद्रणाच्या उपकरणास नेमून दिलेल्या क्षणी उत्तर मिळावेच लागते. साधारण कार्यप्रणाली तशी हमी देत नाही. ती हमी देण्यासाठी इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आदी मंडळींनी २००४ च्या सुमारास पॅचांचा एक मोठा संच सिद्ध केला. तो एकदम स्वीकारला जाणे शक्यच नव्हते. मग त्यांनी त्याचे तुकडे केले, आणि ज्या तुकड्याचा साऱ्यांसच उपयोग आहे तो आधी, असे करीत करीत वर्षामागून वर्षे ते एकेक तुकडा पदरात टाकीत गेले. यंत्रणेचे संदेश नोंदविणारा एक जुना भाग शेवटपर्यंत आडवा आला. तर तो भागच नव्याने लिहिण्याचे काम त्यांच्या बाजूने अंगावर घेतले गेले. अखेरचा तुकडा २०२४ च्या सप्टेंबरात सामील झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निघालेल्या ६.१२ ह्या आवृत्तीबरोबर तो लोकांच्या हाती पडला. वीस वर्षे! ह्या वीस वर्षांत ‘आम्ही तर पाठविले होते, त्यांनीच घेतले नाही’ असे म्हणून घरी बसण्यास त्यांस किती वेळा सबळ कारण मिळाले असेल!

अलीकडे ह्या प्रश्नास एक नवे वळण लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मागाल तो कोड लिहून देतात. त्यामुळे कोड लिहिणे स्वस्त झाले. तो तपासणे मात्र पूर्वीइतकेच महाग राहिले. कर्ल ह्या प्रसिद्ध साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग ह्यांनी २०२४ च्या जानेवारीतच जाहीर तक्रार केली की, यंत्राकडून लिहविलेले दोषांचे खोटे अहवाल त्यांच्याकडे येतात, आणि त्यांवर खुलासा विचारला तर खुलासाही यंत्राचाच येतो. म्हणजे ज्याने काम पाठविले, त्यास आपण काय पाठविले हेच ठाऊक नसते. अशा स्थितीत माणसाच्या योगदानात माणसाचे म्हणून काय उरले? आमच्या मते पाठपुरावाच उरला. विचारलेल्या प्रश्नास स्वतःच्या समजुतीने उत्तर देणे, चूक निघाल्यास ती आपली म्हणून निस्तरणे, आणि उद्या काही बिघडल्यास हाकेला ओ देणे, हे यंत्र कोणाच्या वतीने करू शकत नाही.

आता शेवटी, ह्या साऱ्याचा मराठी माणसाशी संबंध काय ते सांगतो. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यांस आपण वंदन करतो, दुसऱ्यांकडून जेवण करून घेतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हा भेद दाखविणारा आडवा रफार संगणकाच्या एखाद्या प्रोग्रामात नीट उमटला नाही, तर ते कॅलिफोर्नियात किंवा हेलसिंकीत कोणाच्या ध्यानी येईल? हिंदीभाषकांसही तो लागत नाही, त्यामुळे दिल्लीतही त्याची कोणास चुटपुट लागणार नाही. असा दोष दिसला तर तो मराठी माणसासच दिसणार. त्याने दुरुस्ती लिहून पाठविली, आणि पलीकडील परक्या परीक्षकाने ‘हा फरक आवश्यक आहे, ह्यास प्रमाण काय?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागणार. तो त्या वेळी नोकरी लागली म्हणून निघून गेलेला असला, तर ती दुरुस्ती तशीच पडून राहील, कारण तिच्यासाठी रदबदली करणारा दुसरा कोणी जगात नाही. मोठ्या भाषांची कामे गर्दीच्या जोरावर होतात. आपली कामे ज्याने हाती घेतली त्याच्या चिकाटीवरच होणार. मराठीच्या अभिमानाची भाषणे करणाऱ्यांनी ह्यातील एक जरी दुरुस्ती शेवटास नेली, तरी त्यांचे दहा भाषणांचे पाप फिटेल, असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या कॉलेजांत ओपन सोर्सच्या कामास गुण दिले जातात, त्यांनी पाठविलेल्या दुरुस्त्यांची संख्या मोजणे आजपासून बंद करावे, आणि एकाच दुरुस्तीचा सबंध पत्रव्यवहार परीक्षेत मागवावा: कोणता आक्षेप आला, काय उत्तर दिले, काय बदलले, शेवटी काय ठरले. सकारण नाकारल्या गेलेल्या परंतु नीट लढविलेल्या दुरुस्तीस पूर्ण गुण द्यावेत. स्वीकारल्या गेलेल्या परंतु क्षुल्लक दुरुस्तीस शून्य द्यावे. विद्यार्थ्यांनी एका वेळी एकच काम घ्यावे, आणि पुढे वेळ नसेल तर ‘हे मी सोडीत आहे, कोणी पुढे न्यावे’ असे उघड लिहून मोकळे व्हावे. त्यात काडीचाही कमीपणा नाही. आणि आईबापांनी, मुलाने ‘मी अमुक प्रकल्पास कोड दिला’ असे सांगितल्यावर कौतुक जरूर करावे. पण महिन्याभराने जेवावयास बसताना, त्याचे पुढे काय झाले, एवढे आठवणीने विचारावे.